शाळेच्या फळ्यावर गावाचे पाणी



पूर्वी सावकाराकडे खातेवही असायची. तिच्यात काय लिहिले आहे, ते आपल्याला वाचता येत नसे. सावकार सांगेल तो आकडा खरा. आपण अंगठा उठवायचा आणि घरी यायचे. किती घेतले, किती फेडले, किती राहिले, याचा काही पत्ता नसे. आता आपण वाचायला शिकलो. आता कोणी कागद पुढे केला, तर आपण तो आधी वाचतो आणि मग सही करतो.

पण गावात एक खाते असे आहे, की त्याची वहीच कोणी ठेवलेली नाही. ते खाते म्हणजे गावाचे पाणी. पाऊस पडतो ती जमा. माणसांना, गुरांना, पिकांना लागते तो खर्च. यंदा जमा किती झाली? खर्च किती होणार? शिल्लक काय राहील? पारावर बसलेल्या मंडळींना विचारा. एक म्हणेल, "यंदा पाऊस बरा झाला." दुसरा म्हणेल, "कुठला बरा? मागच्या सालापेक्षा कमीच!" दोघेही अंदाजाने बोलतात. मग फाल्गुन-चैत्रात विहीर तळ दाखवते. उभे पीक वाळते. बाया-बापड्या घागरी घेऊन मैल मैल हिंडतात.

ही वही कोण ठेवील? गावच्या शाळेतली मुले ठेवू शकतात. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. बाटली, पट्टी, दोर आणि फळा एवढे पुरे. मुलांनी मोजायचे, लिहायचे. आणि मोठ्यांनी ते वाचायचे. हे कसे करायचे, ते या पाठात पाहू.

१. हिशेब नसला म्हणजे काय होते?

१९७२ सालचा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. तेव्हा धान्य नव्हते, चारा नव्हता. लोकांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे गावोगाव बोअर आले. एकाने शंभर फूट खणले. त्याचे पाणी आटले, म्हणून शेजाऱ्याने दोनशे फूट खणले. मग पहिल्याने कर्ज काढून तीनशे फूट खणले. खाली पाणी एकच, आणि त्याला लागलेली तोंडे अनेक. कोणी किती उपसले, याची नोंद कुठेच नाही.

२०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे मराठवाड्यात पाऊस कमी झाला. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १९७२ साली धान्य बाहेरून आणावे लागले होते. २०१६ साली धान्य दुकानात होते, पण पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागले. पाऊस कमी पडला, हे खरे. पण जो पडला त्याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, हेही तितकेच खरे.

२. पुस्तकातला धडा आणि हातचे काम

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मुलांना शाळेत हे शिकवतातच की!" होय, शिकवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले, की शाळांमधून पर्यावरणाचे शिक्षण द्यावे. २००३ साली पुन्हा बजावले. 'परिसर अभ्यास' नावाचे पुस्तकही मुलांच्या दप्तरात असते. पण 'पाणी म्हणजे जीवन' हे वाक्य दहा वेळा घोटून लिहिले, तरी आपल्या विहिरीत पाणी किती आहे, ते मुलाला कळत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून पोहता येत नाही. पाण्यात उतरावे लागते.

हा विचार काही नवा नाही. १९३७ साली ऑक्टोबर महिन्यात वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरली. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. हाताने उपयोगी काम करता करता मुलाने शिकावे, असे त्यांनी तेथे मांडले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना तयार केली. तीच पुढे 'नई तालीम' या नावाने ओळखली गेली. सूत कातताना गणित यावे, शेत खणताना विज्ञान यावे, अशी ती रीत होती. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी विज्ञान आश्रम काढला. तेथेही हाच धागा आहे. गावाला लागणारी कामे मुलांनी स्वतः करायची आणि करता करता त्यांतले शास्त्र शिकायचे.

आपण तीन कामे पाहू. ती कोणत्याही खेड्यातल्या शाळेत होण्यासारखी आहेत.

३. पहिले काम : पाऊस मोजणे

प्लॅस्टिकची एक मोठी, सरळ अंगाची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापावा. तो उलटा करून बाटलीच्या तोंडात नरसाळ्यासारखा बसवावा. म्हणजे पालापाचोळा आत पडत नाही आणि उन्हाने पाणी लवकर उडत नाही. बाटलीचे बूड खोलगट असते. म्हणून तळाशी थोडे खडे टाकावेत आणि अंग सरळ होते तेथपर्यंत पाणी भरावे. त्या जागी रेघ मारावी. ही शून्याची रेघ. रेघेपासून वर मोजपट्टी चिकटवावी. झाले पर्जन्यमापक!

बाटली मोकळ्या जागी ठेवावी. झाडाखाली नको, वळचणीखाली नको. वाऱ्याने पडू नये म्हणून चार विटांच्या मध्ये बसवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टी वाचावी. सरकारचे हवामान खातेही त्याच वेळेला पाऊस मोजते. वाचून झाले की वहीत लिहावे, वरचे पाणी ओतावे आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणावे.

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती? एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. एवढे एक ध्यानात ठेवले, की पुढचा हिशेब सोपा आहे. समजा, शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आहे आणि रात्री २० मिलिमीटर पाऊस पडला. तर त्या छपरावर २,००० लिटर पाणी पडले. म्हणजे २०० लिटरची दहा पिंपे! हे पाणी आपल्या डोळ्यांदेखत पन्हळीतून रस्त्यावर गेले. पुस्तकातला गुणाकार मुलांना कोरडा वाटतो. हा गुणाकार त्यांना कोरडा वाटत नाही.

शेताचा हिशेब असाच. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. जुन्या मापाने एक इंच पाऊस म्हणजे एकरी सुमारे १ लाख लिटर.

या कामात एक दिवसही चुकता कामा नये. रविवार असो, सण असो, पाऊस सुट्टी घेत नाही. म्हणून शाळेजवळ राहणाऱ्या मुलामुलींची पाळी लावावी. रोज एकच काम नेमाने करणे आणि जसे दिसले तसेच लिहिणे, हाही एक मोठा धडा आहे. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहावे. शून्य लिहायला लाजू नये.

४. दुसरे काम : उघडी माती आणि झाकलेली माती

आता पडलेले पाणी जाते कुठे, ते पाहू. पत्र्याच्या दोन सारख्या पेट्या घ्याव्यात. तेलाचा डबा आडवा कापला तरी चालेल. दोन्हींत एकाच शेतातली माती भरावी. एकीत माती उघडी ठेवावी. दुसरीत मातीवर गवताची ढेपळे मुळांसकट बसवावीत. गवत नसेल तर पाचट किंवा काडीकचरा अंथरावा. दोन्ही पेट्यांना एका बाजूने एकेक वीट लावून सारखा उतार द्यावा. खालच्या बाजूला भोक पाडून काचेची बरणी ठेवावी. मग दोन्हींवर झारीने दोन-दोन लिटर पाणी घालावे.

काय दिसते? उघड्या मातीवरून पाणी धावत येते. बरणी लवकर भरते आणि पाणी चहासारखे गढूळ असते. झाकलेल्या मातीतून पाणी सावकाश येते, कमी येते आणि पुष्कळ स्वच्छ असते. बाकीचे पाणी कुठे गेले? मातीत मुरले. ते पुढे पिकाच्या मुळांना मिळते आणि त्यातले काही विहिरीला मिळते.

गढूळ बरणी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी तळाशी मातीचा थर बसलेला दिसेल. तो थर मुलांनी पट्टीने मोजावा. हीच आपल्या शेतातली वरची कसदार माती. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. ती वाहून जायला एक वळीव पुरतो.

ही बरणी मुलांनी घरी नेऊन दाखवावी. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचे पाणी तांबडे किंवा काळे दिसते. "ओढा दुथडी भरला" म्हणून आपण आनंदाने बघायला जातो. आता बघायला गेलो, की ही बरणी आठवावी. तो रंग आपल्याच शेतातल्या मातीचा आहे.

उपाय काय? नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करावी. बांध धड ठेवावेत. बांधावर गवत राखावे. पाचट जाळू नये, ते मातीवर अंथरावे. या गोष्टी तुम्ही शेती खात्याच्या माणसाकडून पूर्वी ऐकल्या असतील. ऐकलेले माणूस विसरतो. पण आपल्याच शेताची माती बरणीत बसलेली पाहिली, तर तो बांधाकडे लक्ष देतो.

५. तिसरे काम : विहिरीचा दोर

दोराच्या टोकाला दगड बांधावा. दोरावर दर मीटरला रंगीत चिंधी बांधावी. महिन्याच्या एक तारखेला, सकाळी पंप सुरू होण्याच्या आधी, दोर विहिरीत सोडावा. दगड पाण्याला टेकला की काठावर दोर धरावा आणि चिंध्या मोजाव्यात. काठापासून पाणी किती खोल आहे, ते कळते. दर महिन्याला काठावरच्या त्याच जागेवरून मोजावे. तेथे रंगाची खूण करून ठेवावी.

एक सूचना नीट लक्षात ठेवा. मुलांना एकटे विहिरीवर पाठवू नये. बरोबर गुरुजी, बाई किंवा मोठे माणूस हवेच. जिला कठडा नाही अशा विहिरीवर दोर मोठ्या माणसाने सोडावा. मुलांनी दूर उभे राहून आकडा लिहावा. मोजमाप महत्त्वाचे आहे, पण मुलाच्या जिवापेक्षा नाही.

समजा, एका विहिरीची नोंद अशी आहे :

१ ऑक्टोबर – ४ मीटर
१ नोव्हेंबर – ५ मीटर
१ डिसेंबर – ६ मीटर
१ जानेवारी – ८ मीटर
१ फेब्रुवारी – १० मीटर

येथे वाचताना घोटाळा होण्याजोगा आहे. आकडा वाढला म्हणजे पाणी वाढले नाही. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेले. आता नीट पाहा. डिसेंबरपर्यंत पाणी दर महिन्याला एक मीटर उतरत होते. डिसेंबरनंतर ते दोन-दोन मीटर उतरू लागले. म्हणजे उपसा वाढला. विहीर १४ मीटर खोल असेल, तर एप्रिलच्या सुरुवातीला ती कोरडी पडेल. हे आपल्याला फेब्रुवारीतच कळले! विहीर कोरडी पडल्यावर काही करता येत नाही. दोन महिने आधी कळले, तर पुष्कळ करता येते.

गावातल्या चार-पाच विहिरी निवडाव्यात. एक माळावरची, एक ओढ्याकाठची, एक पिण्याच्या पाण्याची. बायकांनाही विचारावे. कोणत्या आडाला कोणत्या महिन्यात किती वेळ घागर भरत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्यांनी सांगितलेले मुलांनी वहीत लिहून घ्यावे.

६. फळ्यावरचा जमाखर्च

आता सगळे आकडे एकत्र मांडू. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, जाता-येता दिसेल असा एक फळा असावा. समजा, एका गावाची जमीन १,००० एकर आहे. वस्ती १,००० माणसांची आहे. गुरे ५०० आहेत. पावसाळ्यात मुलांनी मोजलेला पाऊस ४५० मिलिमीटर भरला.

एकूण पाणी किती पडले? एका एकरावर ४५० गुणिले ४,०००, म्हणजे १८ लाख लिटर. हजार एकरांवर १८० कोटी लिटर.

"बाप रे, १८० कोटी!" असे वाटेल. पण थांबा. त्यातले पुष्कळ पाणी खरिपाचे पीक, गवत आणि झाडे पितात. काही उन्हाने उडून जाते. काही ओढ्याने निघून जाते. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखात शंभरातले दहाच्या आसपास भाग खाली मुरून विहिरींपर्यंत पोहोचतात. जमीन कशी आहे त्याप्रमाणे हा भाग कमीजास्त होतो. म्हणून भूजल खात्याच्या माणसाला एकदा गावात बोलावून विचारून घ्यावे. आपण दहा भाग धरू. म्हणजे विहिरींच्या खात्यात जमा झाले १८ कोटी लिटर.

आता खर्च पाहू.

माणसांसाठी : रोज माणशी ५० लिटर धरले, तर वर्षाला सुमारे १ कोटी ८३ लाख लिटर.
गुरांसाठी : रोज प्रत्येकी ५० लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ९१ लाख लिटर.
दोन्ही मिळून सुमारे पावणेतीन कोटी लिटर.

हा खर्च पहिला. तो कोणालाही टाळता येत नाही. ज्याला गुंठाभर जमीन नाही, त्यालाही तहान लागते. पुढचे साल वाईट निघाले तर हाताशी असावे, म्हणून सव्वातीन कोटी लिटर राखून ठेवू. मग रब्बीच्या पिकांसाठी उरले १२ कोटी लिटर.

आता या १२ कोटींत काय पिकेल? हरभऱ्याला दोन पाणी द्यायची. एका पाण्याला एकरी ३ लाख लिटर धरले, तर दोन पाण्यांना ६ लाख लिटर झाले. १२ कोटींत २०० एकर हरभरा भिजतो. ऊस लावला तर? पाऊस वजा जाता पाटपाण्याने उसाला वर्षभरात एकरी ६० लाख लिटरच्या आसपास पाणी लागेल. १२ कोटींत फक्त २० एकर ऊस भिजतो.

२०० एकर की २० एकर? २०० एकरांत गावातल्या पुष्कळ घरांची जमीन येते. २० एकर चार-पाच घरांचेच असतात. ऊस वाईट पीक नाही. ठिबक केले तर पाणीही कमी लागते. जेथे पाणी मुबलक आहे, तेथे तो खुशाल करावा. पण आपल्या गावाच्या खात्यात पाणी किती, हे न बघता लावलेला ऊस शेजाऱ्याच्या आडातले पाणी पितो. हे कोणाला वाईट वाटावे म्हणून सांगत नाही. फळ्यावरचा आकडा कोणाची जात पाहत नाही आणि कोणाचा पक्षही पाहत नाही. म्हणून तो सर्वांना ऐकावा लागतो.

हा हिशेब ढोबळ आहे. पण मुळीच हिशेब नसण्यापेक्षा ढोबळ हिशेब शंभर पटीने बरा.

७. एका गावाने हे करून दाखवले

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तेथे पाऊस थोडा पडतो. एके काळी तेथली माणसे पोटासाठी गाव सोडून जात. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावाने श्रमदान केले. डोंगरउतारावर चर खणले. मोकाट चराई बंद केली. कुऱ्हाडबंदी केली. पाणी अडले आणि मुरले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पाणी वाढले तेव्हा गाव सुटले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, असे गावाने ठरवले. उसासारख्या आणि केळीसारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घातले. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्याप्रमाणे पिके ठरवायची, असा तेथे रिवाज पडला. पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

चर खणणारी गावे पुष्कळ आहेत. चर खणून झाल्यावर दरसाल हिशेब ठेवणारी गावे थोडी आहेत. म्हणून पुष्कळ गावांत चार वर्षांनी पहिल्यासारखेच होते.

८. लोकांच्या शंका

असे काम निघाले की लोक शंका काढतात. त्या काढाव्यातच. गावात गुरुजी आणि शेतकरी यांचे असे बोलणे होते :

"गुरुजी, पोराला शिकायला धाडलंय. दोर आन् बाटल्या मोजायला न्हाई."

"तात्या, तुमची चिंता रास्त आहे. पण काल तुमच्या पोराने काय केले, ते ऐका. चार विहिरींची सरासरी काढली. गुणाकार केला, भागाकार केला. पाच ओळी स्वतःच्या मनाने लिहिल्या. हे गणित झाले, भाषा झाली, भूगोल झाला. वर हे सगळे त्याच्या घरच्या कामाचे आहे."

"आन् परीक्षेला?"

"परीक्षेचे धडे चुकवायचे नाहीत. रोज पाव तास मोजणी, आणि आठवड्यातून एक तास हिशेब. यापेक्षा जास्त वेळ शाळेने घेऊ नये."

"मग शाळंची झाडलोट, शेण, पाणी, हे बी त्याच नावाखाली करून घ्याल!"

"ही शंका मोलाची आहे. असे होता कामा नये."

तात्यांची ही शंका खरोखर मोलाची आहे. पुष्कळ ठिकाणी 'हातचे काम' म्हणजे मुलींनी झाडायचे आणि मुलांनी मोजायचे, असे होते. काही ठिकाणी ठरावीक वस्तीतल्या मुलांना खणायला लावतात आणि बाकीची सावलीत उभी राहतात. हे शिक्षण नव्हे. दोर सर्वांनी धरायचा, खोरे सर्वांनी धरायचे आणि फळ्यावर खडूही सर्वांनी धरायचा. पालकांनी यावर लक्ष ठेवावे.

आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास कित्येक घरे ऊसतोडीला जातात. मुलेही आईबापांबरोबर जातात. मग मोजणीत खंड पडतो. म्हणून प्रत्येक कामाला दोन-तीन मुलांची जोडी असावी. जाणाऱ्या मुलाने आपली वही दुसऱ्याच्या हाती द्यावी. परत आल्यावर मधले आकडे वाचून घ्यावेत. आणि मूल आजीजवळ किंवा वसतिगृहात ठेवून शाळेत राहू शकले, तर फारच उत्तम.

तिसरी शंका अशी, की आकडा न आवडणारी माणसे गावात असतात. "फळा पुसून टाका," असे कोणी म्हणेल. मुलाच्या बापाचाच ऊस असेल, तर मुलाची कुचंबणा होईल. अशा वेळी मुलाला एकटे पाडू नये. फळ्यावर कोणाचे नाव लिहू नये. फक्त पाऊस, विहिरी आणि गावाची बेरीज लिहावी. मुलांचे काम खरे लिहिण्याचे आहे. त्यावरून काय ठरवायचे, ते काम ग्रामसभेचे आहे. मोठ्यांचे भांडण मुलांच्या खांद्यावर टाकू नये.

९. आपण काय करायचे?

काही जण म्हणतील, "मुले करतील ते बघू." बघून भागणार नाही. मोठ्यांनी चार गोष्टी कराव्यात.

एक. शाळेवरून जाताना दोन मिनिटे थांबून फळा मोठ्याने वाचावा. शेजारी कोणी न वाचणारा असेल, तर त्याला ऐकवावा.

दोन. आकड्याबद्दल शंका आली, तर मुलाला विचारावे, "बाळ, हा कसा काढलास?" त्याने दाखवले तर पाठ थोपटावी. चुकला असेल तर पुन्हा मोजायला सांगावे. त्यावर हसू नये.

तीन. पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत हा जमाखर्च वाचून दाखवण्याची मागणी करावी. तसा अर्ज आता आपल्याला लिहिता येतो. बायकांनी त्या सभेला जरूर जावे. पाणी भरण्याचे कष्ट त्यांचे आहेत, तर पाण्याच्या निर्णयात त्यांचा शब्दही हवा.

चार. रब्बीची पेरणी ठरवण्यापूर्वी फळा पाहावा. बियाणे आणि खत यांवर पैसे घालण्याच्या आधी विहिरीचा आकडा पाहिला, तर पुढचे कर्ज टळू शकते.

झाडांचेही असेच करावे. दर पावसाळ्यात शाळेत रोपे लावतात. पुष्कळदा ती गेल्या सालच्याच खड्ड्यांत लावावी लागतात, कारण गेल्या सालची मेलेली असतात. म्हणून लावली किती, एवढेच लिहू नये. वर्षाने जगली किती, ते फळ्यावर लिहावे. शंभरातली तीस जगली असतील, तर तीसच लिहावीत. पुढच्या साली चाळीस जगवण्याची ईर्षा त्यातूनच येते.

मुलांच्या वह्या दरसाल जपून ठेवाव्यात. एका सालचा आकडा थोडेच सांगतो. दहा सालांचे आकडे एकाखाली एक मांडले, की गाव कोठे चालले आहे ते स्पष्ट दिसते. आज चौथीत बसून पाऊस मोजणारी मुलगी उद्या त्याच गावची सरपंच होईल. तेव्हा तिच्या हाताशी दहा-पंधरा वर्षांची वही असेल. आपल्या पिढीला ती मिळाली नाही. पुढच्या पिढीला देणे आपल्या हातात आहे.

प्रश्न

१. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे किती लिटर पाणी पडते?
२. विहिरीच्या नोंदीत आकडा वाढला, तर पाणी वर आले की खाली गेले?
३. उघड्या मातीवरून आलेले पाणी गढूळ का असते? ते टाळायला शेतात काय कराल?
४. पाठातल्या गावाच्या १२ कोटी लिटर पाण्यात हरभरा किती एकर भिजेल? ऊस किती एकर?
५. हिवरे बाजारने पाणी वाढल्यावर कोणते नियम केले?
६. 'मुलांचे काम खरे लिहिण्याचे आहे' असे पाठात का म्हटले आहे?

करून पाहा

१. आपल्या घराच्या छपराची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मोजा. १० मिलिमीटर पाऊस पडला तर छपरावर किती लिटर पाणी पडेल, ते काढा. गणित अडले तर घरातल्या शाळकरी मुलाची मदत घ्या.
२. आपल्या घरी रोज किती घागरी पाणी लागते, ते आठ दिवस लिहून ठेवा.
३. गावच्या शाळेत जा. पर्जन्यमापक आहे का, ते विचारा. नसेल तर एक बाटली आणि एक पट्टी घेऊन जा, आणि मुलांबरोबर बसून तो तयार करा.
४. 'पावसाळ्यानंतर पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेत वाचावा' असा चार ओळींचा अर्ज लिहा. खाली सही करा आणि तारीख घाला.